दोन थेंब जमिनीला : ताडी, दीक्षा आणि आपलं वाचन

सायवनला येऊन ताडीवर आणि मोहाच्या दारूवर बोलायचं, म्हणजे सुताराला रंधा कसा धरायचा ते सांगण्यातला प्रकार आहे. म्हणून आधीच सांगते, ताडी कशी काढतात, मोह कसा गाळतात, हे मी सांगणार नाही. समोर बसलेल्या काकांना आणि मावशींना ते माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक आहे. मी पुस्तकं वाचणारी बाई. ह्या भागातल्या पिण्याबद्दल पुस्तकांत काय आलं, काय यायचं राहिलं आणि त्या राहण्यामुळे आपलं काय बिघडलं, एवढंच आज बोलायचं आहे.

विषय दिला गेला आहे तो ‘मद्य आणि दीक्षाविधी’ असा. दीक्षा म्हटली की काहीतरी गुपित, काहीतरी शपथ, असं डोळ्यांसमोर येतं. तसं जगात आहे. एक उदाहरण देते, म्हणजे तुलना करायला बरं पडेल.

बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स. तिथल्या जुन्या मुख्य चौकात बिअर बनवणाऱ्यांच्या संघाची इमारत आहे. इमारतीचं नाव ‘सोन्याचं झाड’. ह्या संघाची एक मानाची मंडळी आहे. बिअर करताना भिजवलेलं धान्य ढवळायला एक लाकडी फावडं लागतं, त्या फावड्याच्या नावानं ही मंडळी ओळखली जाते. सप्टेंबरच्या सुरुवातीला बिअरचा उत्सव असतो. मंडळीतले लोक झगे घालून मिरवतात. संत आर्नोल्ड हा बिअरवाल्यांचा संत, त्याच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना होते. आणि ज्यांनी बिअरची सेवा केली असं मंडळीला वाटतं अशा थोड्या माणसांना समारंभानं आत घेतलं जातं. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागाही मिळाली.

ह्या विधीची रचना साधी आहे. एक दार. दाराबाहेर उमेदवार, दाराच्या आत सभासद, मधे शपथ. ज्याला आत घेतलं त्याचा मान वाढतो, कारण बाकीचे बाहेर राहतात. जगातल्या बहुतेक दीक्षा अशाच चालतात.

आता ह्याच चष्म्यातून डहाणू-तलासरीकडे बघू. इथे ताडीची मंडळी आहे का? पोराला ताडीची दीक्षा देतात का? शोधलं तर तसं काही सापडत नाही. पहाटे उतरवलेली ताजी ताडी गोड असते, ती घरातली लहान मुलंही चाखतात. ऊन चढत जातं तशी ती आंबते आणि मोठ्यांची होते. ह्यात दार कुठे आहे? कुणी कुणाला आत घेत नाही, कारण बाहेर कुणी उभंच नाही.

पण दार नाही म्हणजे विधी नाही, असं नव्हे. आपली गफलत इथेच होते. पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडायचे, ही रीत घ्या. कुणी धरतरीचं नाव घेतं, कुणी हिरव्याचं, कुणी वाघदेवाचं, कुणी नुसतं गेलेल्या वाडवडिलांचं. म्हणजे पहिला घोट माणसाचा नाही. आधी जमिनीचा, मग मेलेल्यांचा, मग सोबत बसलेल्यांचा आणि शेवटी आपला. ब्रसेल्सच्या विधीत माणसाला वर चढवतात. इथल्या विधीत प्रत्येक जण स्वतःला रांगेत शेवटी उभा करतो. मला विचाराल तर दीक्षेचं मर्म हेच आहे, फक्त ती आयुष्यात एकदाच होत नाही. जितक्यांदा पिणं, तितक्यांदा ती नव्यानं घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट सोयरिकीची. दोन घरांची बोलणी झाली, देज ठरलं, की दोन्हीकडची माणसं एकत्र बसून पितात. लिहिणं-वाचणं नसलेल्या समाजात करार कसा टिकवायचा? साक्षीनं. आणि साक्षीला काहीतरी दिसणारं लागतं. सर्वांनी मिळून घेतलेला घोट ही ती साक्ष. लग्नात दारू, मयतानंतरच्या दिवसांत दारू, देवाला दारू. जिथे जिथे माणसाचं नातं बदलतं तिथे तिथे ती हजर असते. सून घरात आली, बाप पूर्वजांत गेला, दोन पाडे सोयरे झाले. ह्या प्रत्येक वेळी पिणं नातं बांधायला येतं, नशेसाठी नव्हे.

हे सगळं पुस्तकांत कसं आलं? मी तीन पुस्तकं घेते.

पहिलं, यशोधरा डालमिया यांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’, १९८८ सालचं. लग्नाच्या चौकाचं इतकं सावकाश वाचन त्याआधी फार झालं नव्हतं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी चौक लिहितात, मधे पालघट देवी, दुसऱ्या चौकात पंचशिऱ्या, धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. चित्र हे लग्नाचा भाग आहे, सजावट नव्हे, ही गोष्ट हे पुस्तक नीट मनात बिंबवतं. तक्रार पुस्तकाबद्दल नाहीच. तक्रार आपल्याबद्दल, म्हणजे शहरी वाचकांबद्दल आहे. आपण त्यातून चित्र उचललं आणि विधी ठेवून दिला. चौकाच्या कडेला ताडाचं झाड असतं, शेंड्याला मडकं, बुंध्यावर चढणारा माणूस. आज ही आकृती मुंबईतल्या चहाच्या कपांवर आहे, उशीच्या अभ्र्यांवर आहे, हॉटेलांच्या भिंतींवर आहे. तो माणूस वर कशासाठी चढतो आहे हे आपण विचारत नाही. झाड चालतं, मडकं चालतं, मडक्यात काय आहे ते चालत नाही.

इथे एक फार विचित्र गोष्ट घडली आहे, ती नीट बघू. चौक आणि दारू ह्या दोन्ही गोष्टी एकाच लग्नाच्या. दोन्ही विकण्यासाठी नव्हत्या. चौक लग्नापुरता, नंतर भिंत सारवली की संपला. दारूही त्या प्रसंगापुरती. पुढे दोन्ही विधीतून बाहेर पडल्या. चौक १९७०च्या दशकात कागदावर आला. भास्कर कुलकर्णी इथे आले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी बायकांची ही कला कागदावर नेली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान योग्यच होता. पण त्याच लग्नातली दुसरी वस्तू, मोहाची दारू, विधीतून बाहेर पडली तेव्हा तिला काय मिळालं? पोलीस केस. एकाच मांडवातून दोघी निघाल्या, एक दिल्लीला गेली आणि एक ठाण्याच्या तुरुंगाच्या वाटेला लागली.

हे आपोआप झालं नाही. त्यामागे कायदा आहे. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं. दारू सरकारनं नेमलेल्या भट्टीत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. ताडीच्या झाडावर कर बसला. एवढ्यानं भागलं नाही, म्हणून १८९२ साली मोहाच्या फुलांवरच कायदा झाला, आणि तो नेमका ठाणे आणि कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांसाठी. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडणारं फूल, जे बायका-पोरं टोपलीत वेचतात, वाळवून खातात, गुरांना घालतात, ते फूल साठवणं आणि विकणंही सरकारच्या नजरेखाली आलं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलाला स्वतंत्र जागा आहे. साहेब गेला, फुलावरचा पहारा राहिला.

ह्याचा परिणाम काय झाला? रीत तशीच राहिली, पण वस्तू महाग झाली. लग्नात दारू हवीच, ती घरी करता येत नाही, म्हणजे विकत आणायची. पैसे नाहीत, म्हणजे काढायचे. कुणाकडून? जमीनदाराकडून, सावकाराकडून. आणि इथे माझं दुसरं पुस्तक येतं.

गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७० सालचं, पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. मराठीतलं हे फार मोठं पुस्तक आहे, आणि इथे बसलेल्या कित्येकांच्या आजा-पणजांची गोष्ट त्यात आहे. ‘लग्नगडी’ हा शब्द बहुतेक मराठी वाचकांना ह्याच पुस्तकातून कळला. लग्नासाठी कर्ज काढलं आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघं सावकाराचे बांधील झाले, तो लग्नगडी. वेठ आणि लग्नगडी, ह्या दोन्हींविरुद्ध २३ मे १९४५ रोजी झरीला, आत्ताच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची परिषद झाली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण गेले. लग्नगडी सुटले ते ह्या लढ्यानं, दयेनं नाही.

मग ह्या पुस्तकावर माझं म्हणणं काय? पुस्तकाचा सगळा रोख जमीनदारावर आहे, आणि तो तिथेच असायला हवा होता. लढ्याच्या पुस्तकानं शत्रूकडे बघायचं असतं. पण ते वाचून आपण, वाचकांनी, एक सोपा निष्कर्ष काढला: आदिवासी लग्नावर फार खर्च करतात म्हणून बुडतात. अजूनही सभांतून, शिबिरांतून हे ऐकू येतं. मी म्हणते, खर्च मुळात होता का? तांदूळ शेतातला, चौकाचं पीठ घरचं, धवलेरी पाड्यातली, ताडी झाडाची, मोह जंगलातला. रोख पैसा ह्यात कुठे लागत होता? सगळं कर्ज दारूमुळेच झालं, असं मी म्हणत नाही. देज होतं, कपडे-दागिने होते, दुष्काळ होते. पण जी वस्तू फुकट होती ती विकत घ्यायला लावली, आणि मग घेणाऱ्याला उधळ्या म्हटलं. १८७८ आणि १८९२ हे दोन आकडे बाजूला ठेवून लग्नगड्याची गोष्ट वाचली, तर निम्मा दोष त्याच्या माथी जातो.

लोकांनी ह्यावर काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. लग्न परवडत नाही, म्हणून संसार थांबवला नाही. एकत्र राहायचं, मुलंबाळं होऊ द्यायची, आणि जमेल तेव्हा लग्न लावायचं. कधी आई-बाप आणि मुलगा-सून एकाच मांडवात उभे राहतात. बाहेरच्यांना ह्याचं हसू येतं, वर्तमानपत्रांत चौकटी येतात. पण बघा, विधी हा इथे दार नाहीच. आत आयुष्य आधीच सुरू झालेलं असतं, विधी मागून येऊन त्याला मान देतो. दाराची दीक्षा असती तर गरीब माणूस जन्मभर बाहेर राहिला असता.

तिसरं पुस्तक, डेव्हिड हार्डिमन यांचं ‘द कमिंग ऑफ द देवी’, १९८७. हे पुस्तक दक्षिण गुजरातवर आहे, पण त्याचा उगम आपल्या दारात आहे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये एक देवी अंगात येऊ लागली. तिथून ती उत्तरेकडे सरकत आदिवासी गावांत गेली. तिचं नाव सलाबाई. १९२२च्या नोव्हेंबरपर्यंत ती सुरत जिल्ह्यात पोचली होती. झाडाखाली मांडव, जमलेली गावं, अंगात आलेली माणसं, आणि त्यांच्या तोंडून देवीची आज्ञा: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दुकानदाराशी संबंध ठेवू नका. पारशी का, तर दारूचे मक्ते आणि त्यातून आलेल्या जमिनी तिकडे बहुतेक त्यांच्या हातात होत्या.

आता गंमत बघा. आपण दीक्षाविधी शोधत होतो ना? तो इथे आहे. जमाव आहे, मध्यस्थ आहे, आज्ञा आहे, शपथ आहे, आणि शपथेनंतर माणूस बदलला असं मानणं आहे. दार आहे आणि दाराच्या दोन बाजूही आहेत. पुढे गावांत फूट पडली, पाळणारे ते ‘वरजेला’ आणि परत प्यायला लागलेले ते ‘सरजेला’. ह्या मुलखात पिण्यासाठी दीक्षा लागली नाही, पिणं सोडण्यासाठी लागली. कारण सोडणं म्हणजे नुसती सवय मोडणं नव्हतं. पूर्वजांना दोन थेंब देणं थांबवायचं, सोयऱ्यासोबतचा घोट नाकारायचा. जुनं नातं तोडायला तेवढ्याच ताकदीचा नवा विधी हवा होता, आणि देवीनं तो दिला.

हार्डिमन यांचं थोरपण हे की त्यांनी ह्या लोकांना अंधश्रद्ध म्हटलं नाही, गांधीजींच्या चळवळीची सावलीही म्हटलं नाही. दुकानदाराची मान मोकळ्या हातानं धरता येत नव्हती, ती ह्या लोकांनी देवीच्या हातानं धरली, असं ते दाखवतात. पण एक उणीव मला जाणवते. त्यांचं लक्ष सत्तेवर आहे. आदिवासी, दुकानदार, सरकार. सोडणाऱ्यांचा विधी ते बारकाईनं बघतात, पिणाऱ्यांच्या विधीला मात्र पार्श्वभूमीची जागा मिळते. ‘सरजेला’ परत का प्यायले? केवळ मोह आवरला नाही म्हणून? की मेलेल्या बापाला काय द्यायचं ह्याचं उत्तर देवीकडे नव्हतं म्हणून? हा प्रश्न विचारण्यासाठी त्या पुस्तकाला आणखी एक प्रकरण हवं होतं, आणि ते प्रकरण मराठीत, आपल्याकडे लिहिलं जायला हवं होतं.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, ही बाई शहरातून येऊन दारूचं गुणगान करते आहे. मागे बसलेल्या मावशींच्या चेहऱ्यावर मला ते दिसतंय, आणि त्यांचा राग रास्त आहे. घरात मार खाणारी बाई असते. मजुरीचे पैसे नाक्यावर जातात तेव्हा उपाशी राहणारी ती असते. ताडीत रसायनं मिसळून विकली जातात, त्यानं माणसं मेलेली आहेत. विधीचं सुंदर वर्णन करून हे झाकता येत नाही. जो लेखक दोन थेंबांवर कविता करतो आणि तिसऱ्या बाटलीबद्दल गप्प बसतो, तो आपल्या कामाचा नाही.

पण नीट बघितलं तर मावशींचं म्हणणं आणि विधीचं म्हणणं एकच आहे. विधीला हद्द असते. प्रसंग असतो, सोबत असते, क्रम असतो, आणि संपण्याची वेळ असते. एकट्यानं, रोज, उधारीवर, मुकाट्यानं पिणं हे विधीत बसतच नाही. दुकानाला मात्र हद्द परवडत नाही. आदिवासी पितो तो त्याच्या रीतीमुळे, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे: रीतीमुळे तो मोजकं पीत होता, दुकानानं ती मोजणी मोडली.

आणि सरकारनं काय केलं? दाराची दीक्षा शेवटी सरकारनंच आणली. महाराष्ट्रात कायद्यानं दारू पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा मिळतो, आजन्मही मिळतो. आणि त्यात म्हटलेलं असतं की ही दारू आरोग्य राखण्यासाठी हवी आहे! झगा नाही, संत नाही, पण शुल्क आहे, कागद आहे, शिक्का आहे. ब्रसेल्सवाल्यांनाही इतकं गमतीशीर सुचलं नसतं. ह्या व्यवस्थेत नाक्यावरचं परवान्याचं दुकान कायदेशीर, आणि मुलीच्या लग्नासाठी घरी गाळलेली मोहाची दारू बेकायदा. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली ती राज्याचा वारसा ठरली. फेणी वारसा आणि मोह गुन्हा, हा फरक चवीचा नाही. फेणीमागे बोलणारा वर्ग होता.

मग करायचं काय? दोन अधिकार आपल्या हातात आधीच आहेत. एक, बायकांच्या मतदानानं दारूचं दुकान बंद करता येतं, उभी बाटली की आडवी बाटली ते. दुसरा, १९९६चा पेसा कायदा. डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात आहेत. मादक पदार्थांची विक्री आणि सेवन ह्यांवर बंदी घालण्याचा किंवा नियम करण्याचा अधिकार तो कायदा इथल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला देतो. ह्याच्या जोरावर ग्रामसभा असा प्रश्न चर्चेला घेऊ शकते, की आमच्या गावात विधी कुठे संपतो आणि दुकान कुठे सुरू होतं? लग्नाची दारू किती, मयताची किती, नाक्यावरच्या दुकानाचं काय? आणि हे ठरवताना बायका पुढे बसलेल्या हव्यात. चौक लिहितात त्या, लग्न लावते ती धवलेरीही बाईच. हद्द आखायचा हक्क त्यांचा आधीपासूनचा आहे.

लिहिणाऱ्यांसाठी एवढंच. वारली समाजातली जी मुलं-मुली आता शिकली आहेत, लिहू लागली आहेत, त्यांनी धवलेरीची गाणी उतरवून घ्यावीत. नुसते शब्द नकोत. कोणत्या गाण्यावर कुणाच्या हातात काय दिलं जातं, जमिनीवर थेंब कधी सांडतात, कुणाचं नाव आधी घेतात, नाही पिणाऱ्याला त्या वेळी काय देतात, हे सगळं लिहावं. शेवटची नोंद तर नक्की हवी, कारण आज न पिणारी माणसं प्रत्येक पाड्यात आहेत आणि तीही सोयरीच आहेत. हे मराठीत लिहा, तुमच्या बोलीत लिहा. पुढच्या वेळी बाहेरून येऊन बोलणाऱ्या बाईला मग निदान वाचून तरी येता येईल.

आता प्रश्न विचारा. मावशी, आधी तुम्ही.